पोरगं ‘बोनाफाईड पाहिजे’ म्हणतं तेव्हा

खानापूर तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलंय : “माझं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एमए, झालंय. बेळगावात एका विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात कंत्राटी सहायक म्हणून निवड झाली आहे, वसतिगृहाचंही काम अंगावर पडेल असं दिसतंय. घरचे म्हणतात, हे गॅदरिंगचे मांडव घालायचं काम. खरं काम काय असतं? शिवाय माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहिता येत नाही. निभेल का?”

मी बेळगावात बावीस वर्षं हेच केलं. पहिली नऊ मुलींच्या वसतिगृहावर, पुढची तेरा विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर. संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढे सांगणार आहे त्यातलं बरंचसं काही तिच्या कौतुकाचं नाही. माझ्या कौतुकाचं तर त्याहून नाही.

मांडवाचं आधी उरकते. घालावा लागतो. गॅदरिंग, युवजनोत्सव, क्रीडास्पर्धा, एनएसएसचं शिबिर, जयंत्या, पाहुण्यांचा हार, पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा चहा, सगळं तुमच्याकडेच येणार. वर्षातले पंचवीस-तीस दिवस त्यात जातात आणि वार्षिक अहवालात तेवढेच दिवस दिसतात, कारण फोटो त्यांचेच निघतात. बाकीचे दिवस तुम्ही खिडकीमागे बसून असता. तुम्ही विचारताय ते काम तिथं चालतं.

खिडकीवर आलेलं पोर पहिल्या वाक्यात जे मागतं, त्यासाठी ते आलेलं नसतं. हे मला कुणी शिकवलं नाही, आमच्या शिपाईमामांमुळं कळलं. एक पोरगा पावसाळ्यात तीन वेळा आला. तिन्ही वेळा एकच, “मॅडम, बोनाफाईड पाहिजे.” म्हणजे इथं शिकत असल्याचा दाखला. पहिल्यांदा दिलं. आठ दिवसांनी परत आला, म्हटलं हरवलं असेल, दिलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी वैतागून रजिस्टर उलटलं, तर आधीच्या दोन्ही सह्या त्याच्याच. मी काही बोलणार एवढ्यात मामा मागून म्हणाले, “मॅडम, हे पोरगं जेवणाच्या सुट्टीतच येतंय बघा.”

सगळी पोरं मेसला जातात तेव्हा हा आमच्या खिडकीपाशी उभा. विचारलं, जेवलास काय? म्हणाला, भूक नाही. त्याला आत बोलावून स्टूल दिलं, माझा डबा उघडला आणि दुसरीकडे बघत फाइल चाळत बसले. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर बोलायला लागला. मेसचं दोन महिन्यांचं बिल थकलेलं. मेसच्या बोर्डावर थकबाकीदारांत नाव लागलेलं. वडील गोव्यात गवंड्याच्या हाताखाली. शिष्यवृत्ती आली की भरतो म्हणून सांगितलेलं, ती काही येईना. आमच्याकडे दोन-तीनदा येऊन खिडकीपर्यंत पोचायचा आणि आयत्या वेळी तोंडातून निघायचं ते ‘बोनाफाईड’.

शिष्यवृत्ती अडली होती एका अक्षरावर. हे नीट समजून घ्या, कारण सीमाभागात हे दर वर्षी होणार. त्याचं नाव ‘ज्ञ’वरून सुरू होणारं. वडील कोल्हापूरकडे कामाला असताना आधार काढलेलं, तिथल्या माणसानं आपल्या सवयीनं इंग्रजीत डी-एन-वाय-ए लिहिलं. शाळा मात्र खानापूर तालुक्यातली. कन्नडमध्ये ‘ज्ञ’चं इंग्रजी स्पेलिंग जे-एन-ए असं करतात, आणि एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्कलिस्टवर तेच छापलं. पोर एकच, पण संगणकाच्या लेखी दोन माणसं. यात चूक कुणाचीच नव्हती. महाराष्ट्रात सगळं आयुष्य काढलेल्याला किंवा धारवाडात काढलेल्याला हा घोटाळा सांगून पटत नाही. तो आपल्याच पट्ट्यातला आहे. ‘ज्ञ’ हे ठळक उदाहरण झालं. वडिलांचं नाव मधे की शेवटी, आडनाव आहे की नुसती आद्याक्षरं, ‘पाटील’मध्ये आय एक की ई दोन, यावर कितीतरी अर्ज पडून असतात.

इलाज साधा आहे पण क्रम चुकला तर वर्ष जातं. मार्कलिस्ट बदलायला जाऊ नका, ते मंडळाचं काम, रेंगाळतं. मार्कलिस्ट हाच पाया धरा आणि आधारवरचं नाव तिच्याप्रमाणे करून घ्या. ते झाल्यावर बँकेत. त्यानंतर एसएसपी, म्हणजे कर्नाटकचं शिष्यवृत्ती पोर्टल. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीतून, येतो, त्यावरचा आरडी नंबर पोर्टलवर घालावा लागतो, आणि दाखल्यावरचं नाव तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं असू शकतं. म्हणून प्रवेशाच्या आठवड्यातच प्रत्येकाची तीन कागदं शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून बघा. कंटाळवाणं आहे. पण दिवाळीनंतर होणारी निम्मी रडारड यानं वाचते.

मग पैसे. ते पोरानं अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी शेवटी जे खातं जोडलं गेलं त्यात जातात. गावात कधीतरी शिबिर लागतं, कुणीतरी अंगठा घेऊन खातं उघडून देतं, घरच्यांच्या ते लक्षातही राहत नाही. पोरगं इकडे पासबुक भरून भरून थकतं आणि पैसे तिकडे येऊन पडलेले. ‘आली नाही’ म्हणणाऱ्याला आधी हेच विचारा. आणि ओटीपी! आधारला नंबर वडिलांचा, वडील भीमगडच्या जंगलातल्या आमगावात नाहीतर गवाळीत. तिथं फोनला रेंज येण्यासाठी माणसानं माळावर जायला पाहिजे. त्यामुळं अशा पोरांचा अर्ज आमच्याकडे ठरवून भरायचा : आदल्या दिवशी निरोप, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वडील रेंजमध्ये उभे, इकडे आम्ही तयार. जुलैत हे जमत नाही, तेव्हा रोपलावणीत कुणी फोनपाशी नसतं. पोरंही नसतात. त्या पंधरा दिवसांतली गैरहजेरी म्हणजे उनाडकी असं एखाद्या नव्या प्राध्यापकाला वाटतं, त्याला भाताचा चिखल समजावून सांगणं हेही तुमच्याच कामात धरा.

महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या पोरांचं वेगळं. सीमेवरचं शिनोळी ओलांडून रोज शेकडो मुलं बेळगावात शिकायला येतात, वर्गात सगळी सारखीच दिसतात. पण अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पैसे देतं ते विद्यार्थ्याच्या मूळ राज्याचं सरकार, कॉलेज ज्या राज्यात आहे तिथलं नव्हे. चंदगडच्या मुलाला एसएसपीवर बसवून तासभर घालवलात तर पदरी काही नाही, त्यानं महाराष्ट्राच्या पोर्टलवर जायचं. प्रवर्गही सीमेवर बदलतात. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या थ्री-बी गटात मोडतो, महाराष्ट्रातला हिशेब निराळा. शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू झाली, कर्नाटकच्या रहिवासी मुली सरकारी बसनं फुकट येतात. त्यांच्या शेजारच्या बाकावरची शिनोळीची मुलगी तिकीट काढून. हे तुम्ही बदलू शकत नाही. पण ती मुलगी सलग चार दिवस आली नाही, तर आजारी असेल असं धरून चालण्याआधी बसभाड्याचं विचारा.

कर्नाटकात मागं एक भुताची गोष्ट पसरली होती. रात्री दार वाजवून ते तुमच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं म्हणे, आणि त्याला परतवायला लोक दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवायचे. उद्या ये. ते वाचून भूत रोज परत जायचं. आमच्या ऑफिसात असं काही लिहिलेलं नव्हतं, पण पोरं परत जायची. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून सेक्शनला, सेक्शनमधले साहेब जेवायला गेलेले, मग उद्या. गाव लांब असलं की दुपारच्या बसशिवाय सोय नसते, आणि ‘उद्या’ म्हटलं की त्या पोराचा अख्खा दिवस आणि भाडं गेलं. मी एकच नियम केला होता : दुसऱ्या खिडकीवर पाठवायचं असेल तर आधी स्वतः फोन करून तिथला माणूस जागेवर आहे का बघायचं, आणि चिठ्ठीवर त्याचं नाव लिहून द्यायचं. सहकारी हसायचे. काही चिडायचे, कारण चिठ्ठीवर नाव आलं की टाळता येत नाही.

आता भाषेचं. यात मी चुकले आहे, तेच सांगते.

वसतिगृहावर माझं पहिलंच वर्ष. एका खोलीत चौघी, तिघी मराठी, एक बैलहोंगलकडची कन्नड बोलणारी. महिन्याभरात तिचा अर्ज आला, खोली बदलून द्या. कारण लिहिलं होतं, डास. मी म्हटलं, डास काय हिलाच चावतात? आणि अर्ज बाजूला ठेवला. रात्रीच्या फेरीला मी त्या खोलीत जायची, दारात उभी राहून मराठीत चार गप्पा मारायची, तिघी हसायच्या, चौथी पुस्तकात डोकं घालून. मला वाटायचं, अभ्यासू आहे. पुढे मेसवाल्या मावशींनी सांगितलं की ती सगळ्यांचं उरकल्यावर एकटी जेवायला येते, कधी कधी येतच नाही. तेव्हा लख्ख कळलं की त्या खोलीत तिघींच्या बाजूनं मीही रोज जाऊन उभी राहत होते. बेळगावात आपण मराठी माणसं भाषेचं दुखणं फार सांगतो, आणि ते खोटं नाही. पण त्या दारात दुखणं देणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी तिच्याशी पहिलं वाक्य कन्नडमध्ये बोलले. “ऊटा आतेन?” जेवण झालं का. माझे उच्चार ऐकून तिला हसू आलं. पुढे दोन वर्षं माझ्या नोटिसांचं कन्नड तीच तपासून द्यायची, लाल पेनानं, मास्तरासारखी. डासांचं तिनं परत कधी काढलं नाही.

उलट बाजूही बघा. नोटीस लागते ती कन्नड आणि इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेल्या पोराला कन्नड अक्षरं लावता येतात, सरकारी कन्नड कळत नाही. ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख. एकानं मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, “मॅडम, हा दिनांक कोण हाय?” आम्ही दोघंही खूप हसलो, पण अर्जाची मुदत त्या दिवशी संपली होती. त्यानंतर मुदत असलेली प्रत्येक नोटीस मी तोंडीही सांगायला लागले, वर्गप्रतिनिधींना बोलावून, दोन्ही भाषांत. नोटीस बोर्डावर मराठी कागद लावा असं मी तुम्हाला सांगणार नाही, त्यावरून काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तोंडी सांगायला कुणाची बंदी नाही.

आणि काही दिवस असे असतात की सगळं गावच भाषेवर उभं असतं. १ नोव्हेंबर. १९५६ साली याच तारखेला राज्यं झाली, म्हणून एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की पुन्हा तेच. घरी माझं मत काय आहे ते घरी. खुर्चीवर मी कुणाच्याच मिरवणुकीतली नव्हते. त्या दिवशी कोण हजर, कोण नाही याची वेगळी यादी मागितली गेली तर नेहमीचं हजेरीपत्रक द्यायचं, नवीन यादी करायची नाही. कारण विचारायचं नाही. वसतिगृहाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त वॉर्डननं लिहायचं, असं सेटिंग आदल्या रात्रीच करून ठेवायचं. दगड कुठं पडला, काच कुणाची फुटली, याचे व्हिडिओ फिरतात, त्यातले बरेच मागच्या वर्षीचे असतात.

प्रत्यक्षात सगळ्यात मोठा त्रास होतो बस बंद पडण्याचा. तणाव वाढला की महाराष्ट्राची एसटी पलीकडेच थांबते, इकडची अलीकडे. कोगनोळीला, शिनोळीला लोक अडकतात. सकाळी आलेली चंदगडची मुलं संध्याकाळी जाणार कशी? अशा दिवशी दुपारी दोनच्या आत रोज ये-जा करणाऱ्या मुलींची नावं काढा, कुणाचे नातेवाईक गावात आहेत, कोण वसतिगृहात राहील, ठरवा, आणि घरी फोन तुम्ही करा. मुलीनं केला तर आईबाप घाबरतात, ऑफिसातून गेला तर निम्मे घाबरतात. एकदा आम्ही अकरा मुलींना अभ्यासिकेत गाद्या घालून ठेवलं होतं. पाहुण्यांना ठेवायला परवानगी कुणी दिली, असं नंतर विचारणारं पत्र आलं. मी उत्तर लिहिलं, फाइल बंद झाली. पत्राची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. तुम्हीही असल्या वेळी केलेलं सगळं त्याच रात्री तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

मनाच्या आजाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एमएसडब्ल्यू आहात म्हणून सगळे तुमच्याकडेच ढकलणार. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. तुमच्याकडे कोण आहे, कोणत्या वारी येतो आणि कुठली भाषा बोलतो, हे पहिल्याच दिवशी विचारा. इंग्रजीत रडायला येत नाही हो पोरांना. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मराठीतही बोलतो, कन्नडमध्येही, रात्री दोनलाही. तो मोबाइलमध्ये घालून ठेवा, मेसच्या हात धुवायच्या जागेवर चिकटवा. ऑफिसबाहेरच्या बोर्डावर त्याचा उपयोग नाही, तिथं उभं राहून नंबर लिहून घेताना चारचौघं बघतात.

पोरगं जगायचंच नाही अशा अर्थाचं काही बोललं, तर उपदेश करू नका, आईबापाची आठवण काढून लाजवू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्यानं विचार रुजतो ही समजूत चुकीची आहे. हो म्हणालं तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, समुपदेशक किंवा डॉक्टरपर्यंत बरोबर चालत जायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधी देऊन बसू नका, ते मोडावं लागतं. ‘ज्यांना सांगितल्याशिवाय तुला मदत होणार नाही तेवढ्यांनाच सांगीन’ म्हणा आणि तेवढ्यांनाच सांगा. स्टाफरूममध्ये नाही.

बाकी समित्या. कागदावर भरपूर असतात, तुम्ही दोन गोष्टी पाठ करा. रॅगिंगविरोधी नियम २००९ चे, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. त्यात २०१६ साली झालेली दुरुस्ती बेळगावात विसरू नका : प्रदेश किंवा भाषेवरून कुणाला छळणं, वेगळं पाडणं हेही रॅगिंगच. ‘मस्करी होती’ म्हणणाऱ्या सिनियरला, तो मराठी असो की कन्नड, हे वाचून दाखवलं की चेहरा बदलतो. दुसरं, विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३ चे नियम. तक्रार आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत समितीनं अहवाल द्यायचा, समाधान नाही झालं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. पोरांना हे कुणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत तर वरचे नाराज होतील, आणि तुम्ही कंत्राटी आहात, तेव्हा हा धोका किती घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कायम होते, मला सोपं होतं.

तुमच्या कन्नडचं. बोलता येतंय ना, मग निभेल. लिहायला सहा महिन्यांत येतं, बाराखडी आपल्यासारखीच आहे, फक्त ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही आहेत तिथं गोंधळ होतो. सुरुवातीला रजेचा अर्ज आणि मुदतीची नोटीस, एवढे दोन मजकूर घोटून काढा. शिकवायला विद्यार्थीच धरा, त्यांना फार आवडतं.

रुजू व्हाल त्या दिवशी शिपाईमामा, मेसच्या मावशी आणि रात्रपाळीचा वॉचमन या तिघांशी आधी ओळख करून घ्या, साहेबांशी नंतर झाली तरी चालेल. टेबलासमोर खुर्ची नसेल तर स्टूल मागून घ्या. ड्रॉवरमध्ये बिस्किटाचा पुडा ठेवा. जून लागलाच आहे, छत्र्या दोन आणा, एक पोरं नेतात.